रक्तपेशी मोजणारा प्रकाश

पावसाळा सरत आला की तापाचे रुग्ण वाढतात आणि घरोघरी एकच शब्द कानावर पडू लागतो, तो म्हणजे प्लेटलेट. पूर्वी आजाऱ्याच्या समाचाराला आलेले पाहुणे 'ताप किती आहे?' असे विचारत. आता 'प्लेटलेट किती आल्या?' असे विचारतात. सकाळी एका लॅबोरेटरीत तपासणी, संध्याकाळी दुसरीकडे, आणि दोन्ही कागदांवरचे आकडे जुळले नाहीत की सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो.

हा आकडा एका यंत्रातून येतो. रक्तातील पेशी ते यंत्र कसे मोजते, कोठे अचूक असते आणि कोठे फसते, हे थोडेसे जरी ठाऊक असले तरी पुष्कळ घबराट आणि बराच खर्च वाचतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझा दिवस या यंत्राशेजारी आणि सूक्ष्मदर्शकासमोर जातो. म्हणून आजच्या सदरात या यंत्राची ओळख करून घेऊ.

रक्तात मोजायचे काय?

रक्त म्हणजे नुसता लाल पाणीदार पदार्थ नव्हे. पिवळसर द्रवात असंख्य पेशी तरंगत असतात. बारीक मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात, म्हणजे सुमारे एक घन मिलिमीटरमध्ये, निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी साधारण ४५ ते ५५ लाख असतात. स्त्रियांमध्ये त्या थोड्या कमी असतात. पांढऱ्या पेशी ४ हजार ते ११ हजार आणि प्लेटलेट, ज्यांना मराठीत रक्तबिंबिका म्हणतात, त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात.

आकाराचे म्हणाल तर तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्लेटलेट त्याहून लहान, साधारण दोन ते तीन मायक्रॉनची. तांबडी पेशी प्राणवायू वाहते, पांढरी पेशी रोगजंतूंशी लढते आणि रक्तवाहिनीला भोक पडले की प्लेटलेट तेथे चिकटून ते बुजवते.

हाताने मोजण्याचे दिवस

यंत्रे येण्यापूर्वी हे सगळे हातानेच मोजावे लागे. रक्त ठरावीक प्रमाणात पातळ करायचे, बारीक चौकटी आखलेल्या काचेवर त्याचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एकेक चौकट पाहात पेशी मोजायच्या. एका रुग्णाला पंधरा-वीस मिनिटे सहज लागत. डोळे दुखत ते वेगळेच.

या पद्धतीत एक अडचण अशी होती की ती कितीही मन लावून केली तरी टळत नसे. पेशी थेंबात सारख्या पसरलेल्या नसतात. या चौकटीत एक जास्त, त्या चौकटीत एक कमी, असे होणारच. गणिताचा नियम असा की शंभर पेशी मोजल्या तर केवळ योगायोगाने दहाएक पेशींचा फरक पडू शकतो, म्हणजे शेकडा दहा. दहा हजार मोजल्या तर फरक शंभराचा, म्हणजे शेकडा एक. याचा अर्थ उघड आहे. जितक्या जास्त पेशी मोजाल तितका आकडा भरवशाचा. माणसाला दहा हजार मोजणे जमत नाही, यंत्राला ते काही सेकंदांत जमते.

कवडशातील धूळ

आता यंत्राकडे वळू. जुन्या कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो. एरवी हवेतील धूळ दिसत नाही, पण कवडशात तिचा एकेक कण चमकतो. याचे कारण सोपे आहे. कणावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो. पेशी मोजण्याच्या यंत्राचे मूळ तत्त्व हेच आहे. कवडशाच्या जागी लेसरचा बारीक झोत, धुळीच्या जागी पेशी आणि डोळ्याच्या जागी प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा संवेदक. एक पेशी झोतातून गेली की एक चमक, एक चमक म्हणजे विजेचा एक ठोका, आणि ठोके मोजले की पेशींची संख्या मिळते.

ही कल्पना आजकालची नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात मोल्डावान यांनी १९३४ साली असा प्रस्ताव मांडला की पेशी केसासारख्या बारीक नळीतून सोडाव्यात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालून जाताना प्रकाशसंवेदकाने मोजाव्यात. पण नळी बारीक केली तर ती तुंबते आणि रुंद ठेवली तर दोन-तीन पेशी एकदमच जातात. या अडचणीवर इंग्लंडमधील क्रॉसलंड-टेलर यांनी १९५३ साली सुंदर तोड सुचवली. रक्ताच्या पातळ धारेभोवती स्वच्छ द्रवाची दुसरी, वेगाने वाहणारी धार सोडायची. बाहेरची धार आतल्या धारेला चोहोबाजूंनी आवळते आणि पेशी एकामागे एक अशा ओळीने चालू लागतात. यात्रेच्या गर्दीला दर्शनबारीच्या कठड्यांमधून जावे लागले की ती जशी एकेरी होते, तसेच हे. फरक एवढाच की येथे कठडे पाण्याचे असतात, त्यामुळे तुंबण्याची भीती कमी.

त्याच वर्षी, १९५३ मध्ये, अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांना वेगळ्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्यांच्या यंत्रात प्रकाशाऐवजी वीज आहे. लहानशा छिद्रातून विजेचा प्रवाह वाहात असतो. छिद्रातून पेशी जाते तेव्हा क्षणभर त्याला अडथळा होतो आणि तो अडथळा मोजला जातो. अनेक यंत्रांत आजही या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट विजेने, पांढऱ्या पेशींचे प्रकार प्रकाशाने, अशी कामाची वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसेल.

तुमच्या रक्ताचा प्रवास

तुमच्या हातातून काढलेले दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जाते. या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. रक्त गोठायला कॅल्शियम लागते, ते हे रसायन बांधून ठेवते, म्हणून रक्त पातळ राहते. यंत्र त्यातून अगदी थोडे रक्त ओढून घेते आणि त्याचे वेगवेगळे वाटे करते. एका वाट्यात तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मोजल्या जातात. दुसऱ्या वाट्यात रसायन घालून तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे उरलेल्या पांढऱ्या पेशी नीट मोजता येतात. तिसऱ्या वाट्यात हिमोग्लोबिन. तेही बहुधा प्रकाशानेच मोजतात. पेशी फोडून तयार झालेल्या रंगीत द्रवातून प्रकाश सोडायचा. द्रव जितका गडद तितका प्रकाश जास्त अडतो, त्यावरून हिमोग्लोबिन किती ते कळते.

पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखण्यात लेसरची खरी करामत दिसते. पेशीवर पडलेला प्रकाश जवळजवळ सरळ पुढे जो विखुरतो, त्यावरून पेशीचा आकार कळतो. बाजूला जो विखुरतो, त्यावरून पेशीच्या आतली रचना कळते. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल या पेशींच्या पोटात दाणे असतात, म्हणून त्या बाजूला जास्त प्रकाश फेकतात. लिम्फोसाइट लहान आणि आतून बऱ्यापैकी एकसारखी असते, ती कमी फेकते. प्रत्येक पेशीचा एक ठिपका असा आलेख यंत्र काढते आणि एकेका प्रकारच्या ठिपक्यांचे वेगवेगळे पुंजके पडतात. 'फाइव्ह पार्ट' यंत्र म्हणतात ते पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार वेगळे करणारे. नुसत्या आकारावरून तीनच गट पाडणाऱ्या यंत्राला 'थ्री पार्ट' म्हणतात.

याच तत्त्वाची मोठी यंत्रे पुढे आणखी कामाला आली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणारा रंग लावलेल्या पेशी लेसरने ओळखून वेगळ्या काढणारे यंत्र विकसित केले. या कामासाठी हर्झेनबर्ग यांना २००६ साली जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. एचआयव्ही बाधितांची सीडी-४ तपासणी याच पद्धतीने होते. सीडी-४ पेशींनाच चिकटेल असा चमकता रंग लावायचा, लेसर पाडायचा आणि चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे सुरू झाली, तेव्हा औषध केव्हा सुरू करायचे हे ठरवण्यात या आकड्याला मोठे महत्त्व होते. २०१७ पासून निदान होताच सर्वांना औषधे देण्याचे धोरण आले. तरी आजार किती पुढे गेला आहे हे पाहायला ही तपासणी आजही उपयोगी पडते. रक्ताच्या कर्करोगाचा नेमका प्रकारही याच यंत्रावर ओळखतात.

यंत्र मोजते, पण पाहात नाही

एवढे गुणगान केल्यावर आता दुसरी बाजू सांगतो. यंत्राला पेशी दिसत नाही. त्याला फक्त चमक किंवा अडथळा कळतो. दोन-तीन मायक्रॉनचा ठोका आला की ते म्हणते प्लेटलेट. तो ठोका तांबड्या पेशीच्या तुकड्याचाही असू शकतो. उलट, दहा-वीस प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळा झाला असेल तर त्या ठोक्याचा आकार मोठा होतो आणि यंत्र त्याला प्लेटलेट मानतच नाही. कधी कधी तर हा गोळा पांढरी पेशी म्हणून मोजला जातो. म्हणजे प्लेटलेट खोट्या कमी आणि पांढऱ्या पेशी खोट्या जास्त.

मध्यंतरी चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन ठरले होते, पण दुसऱ्या गावच्या तपासणीत प्लेटलेट ३८ हजार आल्या आणि ऑपरेशन पुढे ढकलले गेले. पंधरा दिवसांत तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा आकडा चाळीस हजारांच्या आसपास. कोणीतरी रक्ताच्या कर्करोगाची शंका घातली होती. त्यांचे यजमान फाइल पुढे करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काय असेल ते स्पष्ट सांगा. आम्ही मुंबईला जायची तयारी केलीय."

मी बाईंना विचारले, "हिरड्यांतून रक्त येते का? अंगावर काळे-निळे डाग पडतात?"

"काहीच नाही हो. परवा विळीने बोट कापलं, तेही लगेच थांबलं."

हे उत्तर महत्त्वाचे होते. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसत नव्हता. मी त्यांच्या रक्ताची स्लाइड केली, रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे गोळेच्या गोळे पडलेले होते. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएच्या संपर्कात आल्यावर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. हे केवळ नळीत घडते, शरीरात नाही. अशी माणसे थोडी, साधारण हजारात एखादे, पण असतात. मग मी निळ्या टोपणाच्या, सोडियम सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले आणि लगेच यंत्राला लावले. आकडा आला १ लाख ९५ हजार. या नळीत द्रव असल्याने रक्त थोडे पातळ होते, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावे लागते. म्हणजे सुमारे २ लाख १४ हजार. बाई पूर्ण निरोगी होत्या. मी तसे लिहून दिले, आणि पुढेही कोठे तपासणी केली तर हा कागद दाखवा असे बजावले. महिन्याभरात त्यांचे ऑपरेशन झाले. मुंबईची वारी टळली.

असाच आणखी एक प्रकार आहे. काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी असतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००२ साली पश्चिम बंगालमधील रक्तदात्यांमध्ये हे आढळल्याचे प्रसिद्ध केले. या लोकांना रक्तस्रावाचा त्रास नसतो. येथेही खरी गोष्ट सूक्ष्मदर्शकच सांगतो.

डेंग्यूमध्ये काय पाहावे?

डेंग्यूमध्ये प्लेटलेट खरोखरच कमी होतात, पण सगळे लक्ष त्याच आकड्याकडे लावणे घातक आहे. या आजारात खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपण्याचा. द्रव झिरपला की उरलेले रक्त घट्ट होते. हे कळते ते त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यावरून. त्याला हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही म्हणतात. रुग्णाचा पीसीव्ही पहिल्यापेक्षा पाचव्या हिश्शाने वाढला, उदाहरणार्थ ४० चा ४८ झाला, तर ती धोक्याची खूण आहे, मग प्लेटलेट कितीही असोत. आणि हे बहुधा ताप उतरू लागतो त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात घडते. 'ताप गेला, पोरगा बरा झाला' असे म्हणून नेमके तेव्हाच लोक निर्धास्त होतात.

जोराची पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणे, मूल मलूल किंवा अस्वस्थ होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे; ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे.

प्लेटलेट चढवण्याविषयी नातेवाईक फार आग्रह धरतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावरच त्याचा विचार करावा. रक्तस्राव होत असेल तर निर्णय डॉक्टर वेगळा घेतील. शिवाय आकडा वीस-पंचवीस हजारांवर असतो तेव्हा यंत्राला मोजायला प्लेटलेट थोड्याच मिळतात आणि भलत्या ठोक्यांचा वाटा वाढतो. म्हणून सकाळी २२ हजार आणि संध्याकाळी २६ हजार यात आनंद मानायचे कारण नाही आणि उलट झाले तर धाय मोकलायचेही नाही. दोन लॅबोरेटरींच्या दोन यंत्रांचे आकडे तर एकमेकांशी ताडूच नयेत. आजार उतरू लागला की प्लेटलेट दोन-चार दिवसांत आपोआप चढतात. त्याचे श्रेय मग पपईच्या पानांना मिळते, एवढेच.

तुमच्या हातात काय आहे?

१. रक्त शक्यतो सलाइन लावलेल्या हातातून देऊ नका. सलाइन मिसळले तर सगळेच आकडे खोटे कमी येतात.

२. रक्त घेतल्यावर नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करावी लागते. तसे न केल्यास आत बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात. नमुना काही तासांतच तपासला जावा.

३. कागदावरचे एकक पाहा. काही यंत्रे प्लेटलेट हजारांत छापतात. तेथे '२१०' म्हणजे दोनशे दहा नव्हे, दोन लाख दहा हजार. अशा घाबरलेल्या माणसांचे फोन मला दरवर्षी येतात.

४. हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण पीसीव्हीएवढी भरते. हिमोग्लोबिन १२ तर पीसीव्ही ३६ च्या जवळपास. फार तफावत असेल तर लॅबोरेटरीत विचारा. आजारपणात तांबड्या पेशी आकाराने लहान-मोठ्या झाल्या असतील तर हा नियम लागू पडत नाही. रक्तात चरबी फार असेल तर द्रव दुधाळ होऊन हिमोग्लोबिन खोटे जास्त येते, तेव्हाही हा हिशेब बिघडतो.

५. प्लेटलेट अचानक फार कमी आल्या आणि रुग्णाला काही त्रास नसेल, तर 'स्लाइड पाहिली का?' एवढे विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला त्याचा राग येत नाही. पाहिली असेल तर रिपोर्टात तसे लिहून घ्या.

६. दर वेळी शक्यतो एकाच लॅबोरेटरीत तपासणी करा आणि जुने कागद जपून ठेवा. एका आकड्यापेक्षा आकड्यांची ओळ जास्त सांगते.

७. हिवतापाची शंका असेल तर यंत्राच्या सीबीसीवर थांबू नका. त्यासाठी रक्ताची स्लाइड किंवा हिवतापाची वेगळी तपासणी लागते.

वाचकहो, या यंत्राने आमचे काम शतपटीने सोपे केले आहे. तालुक्याच्या ठिकाणीही आज दहा मिनिटांत जो रिपोर्ट मिळतो, तो पूर्वी जिल्ह्याला मिळायला दिवस जाई. ते वापरायचेच. पण यंत्राने दिलेला आकडा रुग्णाशी ताडून पाहण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि त्याबद्दल विचारण्याचा हक्क तुमचा. आता ताप सुरू असलेल्या घरांनी आज एवढे करावे: घरातील शेवटचे दोन रिपोर्ट काढून प्लेटलेटच्या शेजारी पीसीव्हीचा आकडाही वाचावा, आणि तो वाढत असेल तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.